शिवणीतली वाळू

११ जानेवारी

धाकटे,

सॅक झाली एकदाची! काल शेवटचं बक्कल लावलं आणि कारखान्यातल्या बायकांनी मशीनं थांबवून टाळ्या वाजवल्या. मालक म्हणाले, "बाई, घरच्या कामाला एवढी बारीक शिवण?" मी म्हटलं, गिऱ्हाइकाची वेळप्रसंगी जाडीभरडी चालेल, ही माझ्या पाठीवर वर्षभर बसायची आहे. बिचारे रजेच्या अर्जावर सही करून गेले. वर्षाची रजा, पण एकदाच, पुन्हा मागायची नाही असं बजावून.

तुला फोनवर हे सांगता येत नाही म्हणून कागद खर्ची घालते आहे. फोन आईच्या उशाशी, आणि तिचं डावं अंग गेलं असलं तरी दोन्ही कान ठणठणीत आहेत. मी जाणार हे तिला माहीत आहे, पण अंथरुणावरच्या माणसासमोर किती हुरळायचं, त्यालाही काही लाज हवी.

माप मात्र तिनेच काढलं हं! फूटपट्टी, टेप काही नाही, तिची नेहमीची दोरी. आपल्या दोघींचे फ्रॉक तिने ज्या दोरीवर बेतले तीच पद्धत. मी पलंगाशी पाठमोरी बसले. मानेच्या मणक्यापासून कमरेच्या हाडापर्यंत एक गाठ. मग कमरेपासून डाव्या खांद्यापर्यंत एक आणि उजव्या खांद्यापर्यंत एक, सरळ माणसाच्या या दोन गाठी एकमेकींवर बसतात. उजव्या हाताने दोरी धरायची आणि दातांनी गाठ ओढायची, असं करत बसली होती. मी मदत करायला गेले तर हात झटकला. "आखूड पाठीची गं तू, बापावर गेलीस," म्हणाली.

आता रोज सॅकमध्ये वाळूच्या पिशव्या भरते आणि जिना चढउतार करते. तळमजल्यावरचे पोस्टमास्तर दार उघडून विचारतात, "बाई, घर बदलताय की घर फोडताय?" हसू देत. खांद्यांना सवय झाली पाहिजे.

तू पुन्हा विचारशील की हे खूळ कुठून आलं. दुरुस्तीला सॅका येतात ना, कुठून कुठून फिरून आलेल्या, त्या मी उसवते. शिवणीत वाळू सापडते, कधी वाळकं गवत, एकदा कुठल्याशा बसचं तिकीट, अक्षरं न वाचता येणारी. ते सगळं मी केराच्या डब्यात झाडते आणि नवा टाका घालते. दुसऱ्यांच्या शिवणीतली वाळू झाडण्यात माझा जन्म गेला. एकदा माझ्या स्वतःच्या सॅकमधली झाडायची आहे, एवढंच.

तेव्हा आपलं ठरलेलं पक्कं ना? एप्रिलच्या शेवटी आईला तुझ्याकडे पोचवते आणि तशीच पुढे निघते. दिवसा लग्न होईपर्यंत तुझी खारू आहेच घरी, शिक्षण संपलंय तिचं, संध्याकाळी तू. गेल्या उन्हाळ्यात आईसमोर माझा हात धरून तूच म्हणालीस, "इतकी वर्षं तू केलंस, एक वर्ष मला करू दे." विसरली नाहीस ना? विसरली असलीस तर मी विसरलेली नाही.

तुझी,
ताई


२ फेब्रुवारी

माझी लाडकी तायडे,

अगं काय ही हिंमत! ऑफिसमध्ये सगळ्यांना सांगितलं, माझी बहीण एकटी, पाठीवर बोजा टाकून, जमिनीवरून अख्खा आशिया पालथा घालणार. कुणाचा विश्वासच बसेना. आमचे साहेब म्हणाले, या वयात माणसं गुडघ्याला तेल लावतात!

ठरलेलं पक्कंच गं, असं काय विचारतेस परक्यासारखं. आईसाठी मागची खोली रिकामी करते आहे. रंगवायची आहे जरा, भिंतीला ओल आली आहे. यांचं नेहमीचं, उद्या बघू, परवा बघू. होईल.

पण मला काळजी वाटते म्हणून विचारते. सीमेवर एकट्या बाईला अडवत नाहीत का? राहायचं कुठे? विमान अजिबातच नाही म्हणतेस, मग वाळवंट कसं ओलांडणार? कुठल्या वाटेने जाणार ते सगळं सविस्तर लिही. म्हणजे तू कुठे असशील ते आम्हाला कळेल. खारूही सारखी विचारत असते, मावशीचं पत्र आलं का. तिचं लग्न जरा पुढे ढकललंय, त्यामुळे घरीच असते बिचारी.

बारीकसारीक सगळं लिही हं.

तुझी,
धाकटी


१४ फेब्रुवारी

धाकटे,

विचारलंस ते बरं केलंस. इथे कुणी विचारत नाही. पोस्टमास्तरांना सांगायला गेले तर ते त्यांच्या मूळव्याधीवर आले.

तिकडची नावं माझ्या जिभेवर बसत नाहीत, म्हणून मी माझीच ठेवलीत. आधी बर्फाची खिंड. ती मे महिन्यात उघडते, त्याआधी गेलं तर अलीकडच्या गावात नुसतं जांभया देत बसायचं. खिंडीपलीकडे मिठाचं तळं. मग गवताचा समुद्र, नजर पोचेल तिथवर गवत आणि घोडे. मग आंधळं वाळवंट, तिथून आगगाडी जाते, दिवसरात्र. आणि शेवटी खरा समुद्र. तिथे जमीन संपते आणि मीही थांबते. विमान नाही म्हणजे नाही. आकाशातून गेलं तर शिवणीत वाळू कुठून येणार?

एकट्या बाईने काय करायचं ते माहितीच्या बायकांना विचारून ठेवलंय. आमच्याकडे दुरुस्तीला येतात त्या. बसमध्ये चढलं की म्हातारी शोधायची आणि तिच्या शेजारी बसायचं. म्हातारीला काही तरी खायला द्यायचं, मग ती सगळ्या बसशी भांडते आपल्यासाठी. नव्या गावात उजेडी पोचायचं. सीमेवर घाई दाखवायची नाही आणि हसायचंही नाही, बावळट चेहरा करून उभं राहायचं. तो मला जन्मजात आहे. कागदपत्रं पोटाशी, आतल्या कप्प्यात, तो कप्पा मी पाठीच्या गादीमागे लपवून शिवलाय, कापूनसुद्धा सापडणार नाही. कपडे दोनच जोड, एक अंगावर, एक दोरीवर.

आणि एक सांगते, हसणार नसलीस तर. मिठाच्या तळ्यावर मला बूट काढून उभं राहायचंय. एका गिऱ्हाईक बाईने सांगितलं, पायाखाली कडकड वाजतं आणि चारी बाजूंनी नुसतं पांढरं. हाक मारायला कुणी नाही, कुणाला उठवायचं नाही, बसवायचं नाही, पुसायचं नाही. धाकटे, मला आईचा कंटाळा आला असं समजू नकोस. आला आहे, पण तसं समजू नकोस.

खारूचं लग्न पुढे गेलं ते एका अर्थी बरंच झालं. आजीजवळ राहील वर्षभर. आईला कूस बदलायला कसं धरायचं ते मी येऊन शिकवीन तिला.

ताई


१९ मार्च

तायडे,

उशीर झाला गं लिहायला, रागावू नकोस. घर म्हणजे नुसता गोंधळ. रंगारी निम्मी खोली रंगवून गायब झालाय. यांच्या बदलीचं काही तरी चाललंय, पक्कं नाही, पण आज ना उद्या. त्यात सासूबाई यायच्या म्हणताहेत. मला तर काही सुचेनासं झालंय.

मी काय म्हणते, एप्रिल जरा घाईचं नाही का होत? थोडं पुढे गेलं तर? तूच म्हणालीस ना खिंड मे महिन्यात उघडते. जूनमध्येही उघडीच असेल की. की पावसाळा वगैरे बघून थेट पुढच्या वर्षीच? नुसतं आपलं विचारते. डोंगर कुठे पळून जातात!

बरं, एक काम आहे. शेजारणीच्या मुलीला सॅक हवी आहे, लांबच्या प्रवासाला. मी तुझं इतकं कौतुक केलं की ती दुसरीकडून घ्यायला तयार नाही. बाजारातली नको म्हणते, तुझ्या सॅकसारखीच हवी, तो लपवलेला कप्पासुद्धा. आईच्या पद्धतीने दोरी काढून पाकिटात घातली आहे. जमेल ना गं महिन्याभरात? तिला मेमध्ये निघायचंय.

आईला माझा नमस्कार. परवा फोनवर किती छान बोलली!

तुझी,
धाकटी


२ एप्रिल

धाकटे,

शेजारणीच्या मुलीची सॅक झाली. तुझ्या पत्त्यावर पाठवली आहे, आठवड्याभरात मिळेल.

शेजारणीच्या मुलीला सांग, पट्टे आधी सैल ठेवून घालायची आणि मग कमरेपासून वर आवळत यायचं. उजवा खांदा बोटभर खाली आहे तिचा. लहानपणी आमच्या अंगणातल्या झोपाळ्यावरून पडली होती आणि गळ्याजवळचं हासळीचं हाड मोडलं होतं, तेव्हा तिला कडेवर घेऊन मी दवाखान्यात पळाले होते. त्या बाजूच्या पट्ट्यात जास्तीचं अस्तर घातलंय. पाठ आखूड आहे, आमच्या घराण्यातली, म्हणून गादी वर उचलली आहे. तिचे शाळेचे सगळे फ्रॉक मीच शिवले, त्यामुळे माप पुन्हा मागवावं लागलं नाही.

अगं, ज्या घरात दोरीवरून माणूस ओळखतात त्या घरात दोरी पाठवतेस? निदान टेपने मोजून आकडे तरी लिहायचेस. खोटं बोलायचं तर ते तरी नीट करावं. तेही माझ्याकडून शिवून घेणार होतीस का?

खारू जाणार तर आईजवळ दिवसा कोण, हे मला कळत नाही असं समजू नकोस. ते तुझं तू बघ. रजा घे, बाई ठेव, नवऱ्याला बसव. एप्रिलच्या शेवटच्या रविवारी मी आईला घेऊन येते आहे. खोली अर्धी रंगलेली असली तरी चालेल, आई छताकडे बघते, भिंतीकडे नाही.

ताई


९ एप्रिल

ताई,

कळलंच आहे तर आता लपवून काय उपयोग. हो, खारूच.

तिचं लग्न पुढे ढकललेलं नाही, मोडलंय. दागिने परत केले त्यांनी, कपड्यांची पेटीसुद्धा. अख्खा हिवाळा पोरगी भिंतीकडे तोंड करून पडून होती. जेवेना, बोलेना. तुझं पहिलं पत्र आलं, मी तिच्या उशाशी बसून मोठ्याने वाचलं. पोस्टमास्तर घर फोडताय का विचारतात तिथे ती हसली. कितीतरी दिवसांनी हसली गं! दुसरं पत्र वाचलं तेव्हा उठून बसली आणि नकाशा मागितला. मी आई आहे, तायडे. तू असतीस तर नाही म्हणाली असतीस का? पण तू कुठली असायला. तुला हे कळणार नाही, तो भाग वेगळाच.

आणि तू लिहिलंस, लग्न पुढे गेलं ते बरं झालं. ते वाक्यही मी तिला वाचून दाखवलं होतं, पुढे काय आहे ते न बघता. तिचा चेहरा तू बघायला हवा होतास.

तुला आधी सांगितलं असतं तर तू काय म्हणाली असतीस, ते मला माहीत आहे. म्हणून आईला विचारलं. तू कारखान्यात असतेस तेव्हा फोन केला. आई म्हणाली, "पोरीला जाऊ दे. थोरली राहील. थोरली कुठे जातेय!" हे मी म्हटलेलं नाही, आईने म्हटलंय.

तू कणखर आहेस. तुझं पहिल्यापासून तसंच आहे. तू पुढच्या वर्षीही जाशील, तुला कोण अडवणार आहे, ना नवरा ना पोर. एकटा जीव सदाशिव. खारूला आत्ताच जायला हवं, नाहीतर ती पुन्हा त्या भिंतीकडे वळेल.

रविवारी आईला आणायचंच असेल तर आण. मी दार लावणार नाही. पण तुझा कारखाना घरासमोर, मधूनमधून धावत जाऊन तू तिला बघतेस, माझं तसं नाही; मला रजा नाही, हे सकाळी जातात ते रात्री येतात, आणि अनोळखी बाईला आई अंगाला हात लावू देत नाही हे तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत. सकाळी मी गेल्यावर ती संध्याकाळपर्यंत ओल्यात पडून राहील. मग तू तुझ्या तळ्यावर कशी उभी राहतेस ते बघ. तुझ्या मनाला विचार.

धाकटी


३० जून

तायडे,

त्या रविवारनंतरचं हे माझं चौथं पत्र. आधीच्या तिन्हींना उत्तर नाही. फोन केला की आई उचलते आणि म्हणते, ती कामात आहे. त्या दिवशी मी दिवसभर दाराशी उभी होते गं. खरंच सांगते, खोलीही झाडून ठेवली होती.

खारूचं पत्र आलंय. इतकी खुशीत आहे! सगळं तू लिहिलंस तसंच आहे म्हणते. बसमधल्या म्हातारीने खरंच ड्रायव्हरशी भांडण केलं. उजव्या खांद्याला जराही रग लागत नाही, मावशीच्या हातात जादू आहे असं लिहिलंय. आणि मिठाच्या तळ्यावर मुद्दाम बूट काढून उभी राहिली, "मावशीसाठी" म्हणून. पायाला काप गेले म्हणते, पण मजा आली. तुला वाटेवरून लिहायचं आहे, पण घाबरते. लिहू दे ना तिला?

एक ओळ तरी टाक. रागाव, शिव्या दे, पण बोल.

तुझी,
धाकटी


१२ जुलै

धाकटे,

बोलते.

त्या रविवारी मी निघाले होते. तुझं पत्र वाचूनही निघाले होते. ओल्यात पडेल तर पडू दे, म्हटलं, एकदा धाकटीलाही वास येऊ दे. गाडी खाली उभी होती. आईचं गाठोडं पोस्टमास्तरांनी नेऊन ठेवलं. माझी सॅक पाठीवर, आत वाळू नव्हती, माझे कपडे होते. पट्टे आवळले आणि आईला उचलायला वाकले. तिने उजव्या हाताने पलंगाचा गज धरला. नुसता धरला.

तिच्या त्या हातात एवढी ताकद असेल असं मला वाटलं नव्हतं. मी तिची बोटं सोडवायला लागले. करंगळी सोडवली. तिच्या शेजारचं सोडवलं. ती माझ्याकडे बघत नव्हती, छताकडे बघत होती. तिसरं सोडवताना करंगळी पुन्हा गजावर आली. खाली ड्रायव्हर हॉर्न मारत होता. असा किती वेळ गेला कोण जाणे. मग मीच हात काढून घेतला. ड्रायव्हरला परत पाठवलं, गाठोडं वर आणलं. आई म्हणाली, "चहा कर."

तू पाठवलेली दोरी मी मार्चमध्ये तिच्या हातात दिली होती. म्हटलं, सांग बघू कशी पाठ आहे. तिने गाठी चाचपल्या, त्या दोन न जुळणाऱ्या गाठींवर तिचा अंगठा थांबला, आणि म्हणाली, "असेल कुणाची तरी." मला वाटलं, बोटं थकली तिची. किती भोळी मी! एकावन्न वर्षांची घोडी, आणि आईच्या चेहऱ्यावरचं खोटं वाचता आलं नाही. माझ्या मापाच्या गाठी तिने दातांनी मारल्या होत्या, धाकटे. मी जाणार नाही याची खात्री असल्याशिवाय तिने तेवढा त्रास घेतला नसता, हे मला आता कळतं.

खारूवर माझा राग नाही, असं लिहिणार होते. पण आहे. पोरीचं लग्न मोडलं, वाईट झालं, मी त्यावर जे लिहिलं ते न कळता लिहिलं. पण तिने तरी एकदा विचारायचं होतं, मावशी, तू जाणार होतीस ना? विचारलं असतं तर कदाचित मीच म्हटलं असतं, जा. कदाचित नसतं म्हटलं. ते मला ठरवू द्यायला हवं होतं. तुम्ही तिघींनी मिळून ठरवलंत, आणि मला माप तेवढं पाठवलंत.

पुढच्या वर्षी जा, असं पुन्हा लिहू नकोस. मालकांनी रजा रद्द केली आणि पुढे मागू नका हे पुन्हा सांगितलं. आणि पुढच्या वर्षी म्हणजे कधी? आई गेल्यावर ना? म्हणजे मी रोज तिला भरवायचं, पुसायचं आणि मनात म्हणायचं, कधी? तशी मी नव्हते. आता कधीकधी म्हणते. हे तुझ्यामुळे झालं, आणि याची माफी मी तुला देणार नाही. माझ्या अंगातही तेवढा वाईटपणा आहे, बरं का, सगळा तुलाच वाटून गेलेला नाही.

खारूला वाटेवरून पत्र टाकायला सांगू नकोस. तळ्यावर माझ्यासाठी उभी राहिली म्हणे! माझ्यासाठी कुणी उभं राहायची गरज नव्हती, मला पाय होते. तिची सॅक फाटली, उसवली, तर बाजारात पुष्कळ दुकानं आहेत. माझ्याकडे पाठवू नकोस. त्या शिवणीतली वाळू मी झाडणार नाही.

माझी सॅक उसवली. काळजी करू नकोस, तमाशा केला नाही, कारखान्यात दुपारच्या सुट्टीत नीट टाका टाका उसवली. कापड चांगलं होतं, वाया का घालवायचं? त्याचा आईसाठी झोळीवजा पट्टा केला. तिच्या काखेतून आणि पाठीमागून घ्यायचा, माझ्या खांद्यांवर अडकवायचा आणि उभं राहायचं, की ती पलंगावरून अलगद उठते. बसवायला, न्हाणीत न्यायला सोपं जातं. पाठीची गादी जशीच्या तशी तिच्या पाठीला लावली. आखूड होईल वाटलं होतं, पण ती आता माझ्यापेक्षाही आखूड झाली आहे. वजन वाळूच्या पिशव्यांपेक्षा जरा जास्तच आहे, पण जिन्यावर सवय झाली होती, त्याचा उपयोग होतो.

काल पहिल्यांदा तिला त्यात उचललं आणि खिडकीपर्यंत नेलं. खाली पोस्टमास्तर दिसले, त्यांनी हात केला. मी वळून पाठ खिडकीला केली आणि आई माझ्या खांद्यावर हनुवटी टेकून बराच वेळ बाहेर बघत होती. मग म्हणाली, "पट्टे मऊ आहेत गं. कुठून आणलेस?"

ताई